अकराशे बेचाळीस भूमिका

५ जानेवारी, सातारा

शाहनवाजला आज पुन्हा अटक झाली. या वेळी साखळी चोरताना. वाईच्या घाटावर दोन पोलीस मागे धावले, त्यांनी त्याला धरलं, आणि तो "साहेब, चुकलं" एवढंच म्हणाला. मालिकेचा हा भाग आम्ही बहीणभावांनी जेवताना पाहिला. लगेच मिरजेहून अम्मीचा फोन. शेजारच्या बायका विचारत होत्या म्हणे, तुमचा मुलगा नेहमी असलीच कामं का करतो. शाहनवाज हसला. गेल्या वेळी एक वाक्यही नव्हतं, म्हणजे बढतीच झाली म्हणाला.

तो उठून गेल्यावर मी त्याची आजवरची कामं कागदावर लिहिली. तीन वर्षांत नऊ. चोर, रिक्षावाला, वॉर्डबॉय, दंगलीतला माणूस, पुन्हा चोर. पाच वेळा अटक, दोनदा मृत्यू. भागाच्या शेवटी सरकणाऱ्या नावांत तो 'शान' असतो. पूर्ण नाव पट्टीत बसत नाही असं त्याला सांगितलंय.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. एका माणसावरून निष्कर्ष काढू नका हे पोरांना बारा वर्षं सांगत आले. तेव्हा सगळेच मोजायला हवेत.

८ जानेवारी

प्रियदर्शनीला सांगितलं. ती मराठी शिकवते, स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसते, आणि मालिका बघते हे कुणाला कळू देत नाही. ती लगेच तयार झाली.

ठरलं असं. गेल्या तीन वर्षांत सातारा-वाई भागात चित्रीकरण झालेल्या अठरा मालिका आणि सहा चित्रपट. जे कुणालाही बघता येतं तेवढंच घ्यायचं: भाग, शेवटची नावं, आणि कलाकार हवेत म्हणून लोक उघड ग्रुपवर टाकतात त्या जाहिराती. दोघींनी वेगवेगळं भरायचं आणि मग ताडून बघायचं. कलाकार कोण, वय किती, गाव कुठलं, भूमिका कोणती, पात्राचं नाव काय, धंदा काय, वाक्यं किती, बोली कुठली, शेवटी पात्राचं काय होतं. नावं इतक्या वेगानं सरकतात की दर भागाला सात-आठ वेळा थांबवावं लागतं.

१९ जानेवारी

रंगावरून भांडण झालं. प्रियदर्शनी म्हणते, कोण सावळं कोण गोरं तेही लिहू. मी म्हटलं, पडद्यावर दिवे असतात, मेकअप असतो, कशानं मोजणार? शेवटी तिनंच वाट काढली. माणसाचा रंग मोजायचा नाही, जाहिरातीत मागितलेला रंग मोजायचा. नायिकेच्या एकाहत्तर जाहिराती सापडल्या. अठ्ठावन्नमध्ये 'उजळ' किंवा 'गोरी' हा शब्द आहे. मोलकरणीच्या जाहिरातींत एकदाही नाही.

दुसरी बातमी मोठी. शाहनवाजला काम मिळालं, खरंखुरं. वाईजवळच्या नव्या मालिकेत गणिताचे रसूल मास्तर. निदान चाळीस भाग. चोर नाही, मरत नाही, मुलांना त्रैराशिक शिकवतो. संध्याकाळभर त्यानं मला विद्यार्थी करून शिकवलं. मी दोनदा मुद्दाम चुकले.

२ फेब्रुवारी

तक्ता पूर्ण. अकराशे बेचाळीस भूमिका. आमच्या दोघींच्या नोंदी शंभरात एक्क्याण्णव ठिकाणी जुळल्या.

मुसलमान नावाची पात्रं त्रेचाळीस, त्यातली सव्वीस गुन्हेगार, संशयित नाहीतर मेलेली. शिक्षक शून्य. इकडची बोली बोलणारी पात्रं दोनशे एकोणीस: गडी, मोलकरणी, हवालदार, विनोदी मामा. त्यात डॉक्टर एकही नाही, वकील एकही नाही. साताऱ्यात घडणाऱ्या गोष्टीत साताऱ्यासारखं बोलणारा माणूस शिकलेला नसतो. हे मला आधी का दिसलं नव्हतं? मी स्वतःसुद्धा वर्गात शिरताना भाषा बदलते.

आज सकाळी तक्ता सगळ्यांना बघता येईल असा इंटरनेटवर ठेवला. खाली नाव माझं एकटीचं. प्रियदर्शनीचे सासरे राजकारणात आहेत, तिला नको होतं. ठेवल्यावर पुन्हा पुन्हा उघडून बघितला. मूर्खपणा. आकडे तर आहेत.

८ फेब्रुवारी

सांगलीच्या एका दैनिकात बातमी. वार्ताहर माझ्याशी दहा मिनिटं बोलला होता. बोलीबद्दल बोलले, उजळ रंगाबद्दल बोलले, मग नावांबद्दल. मथळा असा: 'मराठी मालिकांत मुस्लिमांवर अन्याय, साताऱ्याच्या प्राध्यापिकेचा आरोप'. बोली नाही, रंग नाही. 'आरोप' हा शब्द मी उच्चारलाही नव्हता. शेजारी कॉलेजच्या संकेतस्थळावरचा माझा फोटो.

शाहनवाजनं बातमी दोनदा वाचली, पेपर नीट घडी करून ठेवला. 

१० फेब्रुवारी

कालपासून त्रेपन्न फोन. मोजायची सवय जात नाही. चार लोकांनी अभिनंदन केलं, त्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. बाकीच्यांचं लिहीत नाही. एकजण मात्र शांतपणे बोलला, शिवी नाही, आवाज नाही. त्यानं फक्त सांगितलं की मी दुसऱ्या मजल्यावर राहते आणि गॅलरीत निळी बादली आहे.

बादली आत आणली. आणल्यावर कळलं, याचा काही उपयोग नाही.

१२ फेब्रुवारी

राजवाड्यापासून एक माणूस मागे होता. पन्नाशीचा, पांढरी टोपी, हातात पिशवी. मी थांबले की तो थांबे. पोवई नाक्यापर्यंत मी जवळजवळ धावतच गेले. औषधाच्या दुकानात शिरले तर तोही पायरीशी उभा. शेवटी मीच वळून विचारलं, काय पाहिजे. तो इतका घाबरला की पिशवी पडली. त्याचा मुलगा माझ्या वर्गात आहे, हजेरी कमी भरली म्हणून परीक्षेला बसता येईल का, एवढं विचारायचं होतं. बाईमाणसाला रस्त्यात कसं हटकायचं म्हणून धीर होत नव्हता म्हणाला.

घरी येऊन हसले आणि मग रडले. मुलाचं नाव विचारायचं राहिलंच.

१७ फेब्रुवारी

शाहनवाजनं माझा फोन बदलून दिला. त्याच्या मते जुन्या नंबरला रेंज धड नव्हती. जुना नंबर सध्या त्याच्याकडेच असतो. त्यानंतर एकही वाईट फोन नाही, म्हणजे लोक कंटाळले असावेत. रोज पाचला तो कॉलेजच्या फाटकाशी गाडी घेऊन उभा असतो. मालिकेचं शूटिंग पुढं ढकललंय, घरी बसून कंटाळा येतो म्हणतो.

तो माझ्यावर चिडलाय असं मला वाटतं. बोलणं कमी झालंय. वाटेत सारखा आरशात मागे बघतो, माझ्याकडे नाही.

२२ फेब्रुवारी

शाहनवाज गाडीवरून पडला. वाढे फाट्याजवळ वाळूवर घसरली म्हणाला. भुवईवर चार टाके, डाव्या हाताची दोन बोटं सुजलीत, बरगडीला मार आहे. डॉक्टरांनी त्याला दोनदा विचारलं, नक्की पडलास ना. गाडीला मात्र ओरखडाही नाही, तेवढं नशीब.

मास्तरचं काम तोंडावर आलं असताना तोंडालाच लागावं. मी त्याला सावकाश चालवत जा म्हणून रागावले. तो ऐकून घेत बसला. अम्मीला सांगू नकोस, एवढीच विनंती केली.

२६ फेब्रुवारी

आजचा दिवस लिहायला नको वाटतो.

दुपारी नव्या नंबरवर फोन आला. पाटणहून अंजना. नंबर तिनं कॉलेजच्या कार्यालयातून घेतला होता. आवाज दबका, मागं नळाचं पाणी.

"म्याडम, तुमच्या त्या तक्त्यात माझं नाव हाय. गावाचं बी हाय."

मी तक्ता उघडला. ओळ सहाशे अकरा. अंजना, वय चोवीस, पात्र: बारमधली बाई, वाक्यं शून्य. चित्रपटाच्या शेवटी तिचं नाव होतं. वय, गाव आणि फोटो तिनं लग्नाआधी एका उघड्या ग्रुपवर टाकला होता. दोन्ही गोष्टी कुणालाही दिसत होत्या. एकत्र मी केल्या.

सासरी माहीत नव्हतं. दिरानं तक्ता बघितला, मग चित्रपट शोधून बघितला, मग सगळ्या घराला दाखवला. ती तिथं नुसती टेबलापाशी उभी आहे, चार सेकंद.

"नवरा बोलत न्हाई. सासू म्हणत्या, माहेरी जा. आवं, मी काय वाईट केलं न्हाई तिथं. हुबी ऱ्हायले फकस्त."

मी माफी मागितली. तिला बहुधा ऐकू आलं नाही, नळ बंद करून तिनं फोनच ठेवला. नाव एका मिनिटात काढलं. मग सगळ्यांचीच गावं काढली. पण तक्ता तोवर हजारो लोकांनी उतरवून घेतलाय, त्यातल्या कुठल्या घरात आणखी कोण नळ सोडून फोन करत असेल, मला माहीत नाही. मी अकराशे बेचाळीस ओळी भरल्या आणि त्या माणसं आहेत हे सहाशे अकराव्या ओळीनं सांगितलं.

४ मार्च

तिसरा रोजा. प्राचार्यांनी बोलावलं. शाहनवाजच्या नव्या मालिकेच्या निर्मिती संस्थेनं, जिच्या जुन्या मालिका आमच्या तक्त्यात आहेत, कॉलेजकडे लेखी तक्रार केली आहे: खोटी माहिती पसरवली, बदनामी केली, कॉलेजच्या नावाचा वापर केला. बारा तारखेपर्यंत उत्तर द्यायचं, नाहीतर चौकशी. प्राचार्य वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं, दार लावलं, आणि म्हणाले की चौकशी सुरू झाली तर ती त्यांच्या हातात राहणार नाही.

उत्तर लिहायला घेतलं. कुठला भाग, कितवं मिनिट, सगळं देता येतं. तरी प्रत्येक ओळ तीनदा तपासते. आकड्यांना भीती वाटत नाही म्हणून मी आकड्यांकडे गेले होते लहानपणी. आता तेच आकडे बघायला भीती वाटते.

८ मार्च

विश्वजीत घरी आला. कलाकार पुरवतो तो, शाहनवाजला पहिलं काम त्यानंच दिलं होतं. शाहनवाज बाजारात गेला होता. रोजा आहे म्हणून पाणीसुद्धा नको म्हणाला, चप्पल बाहेर काढली, अदबीनं बसला. अदबीची मला अलीकडे जास्त भीती वाटते.

तो बोलला ते थोडक्यात असं. त्याला स्वतःला तक्ता पटतो. पण वरची माणसं चिडली आहेत. मास्तरची एन्ट्री एप्रिलमध्ये आहे. तक्ता राहिला तर शाहनवाजचं काम राहणार नाही.

"मॅडम, तुमचं नाव झालं. आता त्याचं होऊ द्या."

 निघताना त्यानं विचारलं, भुवईचे टाके निघाले का. मी म्हटलं, हो, गाडीवरून पडला होता. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, मग चप्पल घालायला वाकला. शाहनवाजनं सांगितलं असेल त्याला.

११ मार्च

दहावा रोजा. तीन दिवस विचार केला. तक्ता काढून टाकते.

कारणं लिहिते, म्हणजे उद्या स्वतःशी खोटं बोलता येणार नाही. शाहनवाजचं काम, हे पहिलं. अंजना, हे दुसरं. तिसरं हे की मी घाबरले आहे. जिन्यावर पाऊल वाजलं की घास हातात राहतो. वर्गात दार उघडं ठेवून शिकवते. पहिल्या दोन कारणांना मी तिसऱ्यापुढं उभं केलं आहे, हे मला कळतं.

प्रियदर्शनीला सांगितलं. ती म्हणाली, नाव तुझं आहे, निर्णय तुझा. बरोबरच आहे तिचं.

शाहनवाज दुपारपासून घरी नव्हता. इफ्तारला दहा मिनिटं उरली असताना आला, खजूर घेऊन. बऱ्याच दिवसांनी मोकळा वाटला. भजी छान झालीत म्हणाला. त्याला काही सांगितलं नाही. उद्या कॉलेजात जाऊन तक्ता काढते, मग सांगेन.

१२ मार्च

तक्रार मागे घेतली त्यांनी.

तक्ता काढायला संगणकासमोर बसले होते. पासवर्ड टाकला तेवढ्यात प्राचार्यांचा शिपाई आला. निर्मिती संस्थेचं पत्र होतं, कालच्या तारखेचं. गैरसमज दूर झाला आहे, तक्रार मागे घेत आहोत. त्यांच्या खोलीत गेले तर प्राचार्य म्हणाले, गेल्या आठवड्यात दिलेलं तुमचं उत्तर चोख होतं, मी त्याची प्रत त्यांना पाठवली होती. मी पत्र पुन्हा वाचलं.

म्हणजे आकडे पुरेसे होते. भाग आणि मिनिटं दिल्यावर त्यांना काही बोलता आलं नाही. तक्ता तसाच ठेवला. तक्रारच नाही म्हटल्यावर शाहनवाजचं कामही राहील. प्रियदर्शनीनं माझा हात घट्ट दाबला. संध्याकाळी शाहनवाजला सांगितलं तर तो म्हणाला, "बघ आपा, तू उगाच घाबरत होतीस."

१७ मार्च

त्यानं काम सोडलं. स्वतःहून. मास्तरचं काम नको, अभिनयच नको. मिरजेला मामूंचं औषधांचं दुकान आहे, हॉस्पिटलांच्या रांगेत, तिथं उभा राहतो म्हणाला. मी खूप बोलले. इतकं सगळं सोसून, काम समोर आलेलं असताना पळ काढतोस, असंही म्हणाले. भित्रा म्हणाले त्याला. त्यानं कपडे भरले. जुना फोन मात्र परत दिला नाही, तो बरोबर घेऊन गेला.

स्टेशनवर गाडी सुटताना त्यानं दाराला कडी नीट लावत जा असं सांगितलं. मी पाठ फिरवून निघाले.

३१ मार्च

ईद. घरी गेले नाही. पेपर तपासायचे आहेत असं अम्मीला कळवलं. शेवया एकटीपुरत्या केल्या, जास्त झाल्या, प्रियदर्शनीकडे दिल्या.

अंजनाचा निरोप आला. ती माहेरी आहे, वाईजवळ. नवरा परवा येऊन गेला, बोलला थोडं. पुढं विचारलंय: नाव काढलं तरी मला मोजलंय नव्हं? मी लिहिलं, हो, मोजलंय. 

६ एप्रिल

तक्त्यात या तिमाहीच्या नव्या नोंदी भरायला बसले. नवी मालिका सुरू झाली आहे. मास्तर आले पडद्यावर. रसूल मास्तर नाहीत, रमेश मास्तर आहेत. गणित तेच, त्रैराशिक तेच, वाक्यंही तीच असावीत, कारण दोन मला पाठ होती. मुसलमान नावांपुढं शिक्षकाच्या रकान्यात पुन्हा शून्य लिहिलं. काम करणाऱ्याचं आडनाव निर्मात्याचं. प्रियदर्शनीनं शोधलं, भाचा... नाही, पुतण्या.

पद्धतीप्रमाणे मालिकेच्या उघड पानावर गेले. त्याचा फोटो होता, 'आमचे नवे मास्तर', हार घातलेला. तारीख अकरा मार्च.

शाहनवाजनं मला काम सोडल्याचं सांगितलं सतराला. तक्रार मागे घेतल्याचं पत्र अकराचं.

एका तारखेला दोन गोष्टी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं म्हणता येत नाही. दरवर्षी जूनमध्ये मी हे फळ्यावर लिहिते. आज तासभर मी ते स्वतःला सांगितलं. मग बाकीचं आठवत गेलं, एकेक, आणि ते आठवू नये असं वाटत होतं. ओरखडा नसलेली गाडी. डॉक्टरांनी दोनदा विचारलेलं. आरसा. विश्वजीतचं ते बघणं. माझे बंद झालेले फोन, जे बंद झाले नव्हते, दुसऱ्या खिशात वाजत होते.

१३ एप्रिल, मिरज

सकाळच्या गाडीनं आले. दुकानात गर्दी होती. शाहनवाज चिठ्ठ्या वाचून औषधं काढत होता, भराभर, चष्मा लावून. चष्मा कधी लागला त्याला? गर्दी ओसरल्यावर मी काउंटरच्या या बाजूनं विचारलं.

"अकरा तारखेला तू काय कबूल केलंस?"

त्यानं नाकारायचा प्रयत्न केला नाही. मारणारे मालिकेच्या युनिटमधलेच दोघे होते, एकाला तो ओळखतो. विश्वजीत मध्ये पडला. पोलिसात जाणार नाही आणि मास्तरचं काम आपणहून सोडतो, असं शाहनवाजनं लिहून दिलं. बदल्यात तक्रार मागे. तसंही ते काम पुतण्याला द्यायचं त्यांच्या मनात होतंच, फक्त निमित्त हवं होतं.

"मला का सांगितलं नाहीस?"

"तू तक्ता काढून टाकला असतास." त्यानं औषधांचा खोका फळीवर सरकवला. "एवढं सगळं झालं, आपा. निदान तो तरी राहू दे म्हटलं."

एक म्हातारा चिठ्ठी घेऊन आला. शाहनवाजनं त्याला गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावून सांगितलं, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी, मग म्हाताऱ्याकडून परत म्हणवून घेतलं. मी बघत उभी होते.

भित्रा म्हणाले होते त्याची माफी मागितली. तो म्हणाला, कोण घाबरलं नव्हतं? मग त्यानं विचारलं, तुला कधी वाटलं नाही का काढून टाकावा? मी म्हटलं, नाही.

अम्मीच्या घरी जेवताना त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की आपा शेवटपर्यंत हलली नाही. अम्मीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. बारा मार्चला मी पासवर्ड टाकून बसले होते हे मला तेव्हा सांगता आलं असतं. मी भाताकडे बघत राहिले.